आम्ही गावी गेलेलो असायचो

आमच्या घरात गप्प बसायची एक रीत होती. ती इतकी अंगवळणी पडलेली की आजही दारावर अनोळखी टकटक झाली की माझा हात आधी पंख्याच्या बटणाकडे जातो. खालून वॉचमन पांडेजी ओरडायचे, "तीनसौ दो, गाँव जाओ!" म्हणजे पोस्टमन जिना चढतोय आणि त्याच्याकडे सहीचं रजिस्टर पत्र आहे. आई फोडणीत पाणी ओतून तिचा चर्र आवाज बंद करायची, ताई टीव्ही बंद करायची, मी पंखा. पप्पा रिक्षावर जायला खाकी शर्ट चढवत असले तर एक हात बाहीत, एक बाहेर, तसेच उभे राहायचे. बेल वाजायची. आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही, कारण बघितलं की ताईला हसू यायचं. मग समोरच्या काकू दार उघडून पाठ केलेलं वाक्य म्हणायच्या, "ते सगळे गावी गेलेत." एकदा नवीन पोस्टमन आलेला, त्याने विचारलं, "कुठलं गाव यांचं?" काकू गडबडल्या आणि खरं तेच बोलून बसल्या, "मानपाडा." आमची बिल्डिंग मानपाड्यातच होती. पोस्टमनने एकदा आमच्या दाराकडे बघितलं. मग लिफाफ्यावर काहीतरी खरडून खाली उतरला. ताईने उशी तोंडात कोंबलेली. पप्पासुद्धा हसले. त्या माणसाने लिफाफ्यावर काय खरडलं, ते मला फार पुढे कळलं: घेण्यास नकार. आणि कायद्याच्या लेखी नकार म्हणजे पत्र मिळालं.

मी अजून पस्तिशीचीही नाही. हे वय आठवणी लिहायचं नाही, असं संघटनेतले चिडवतात. मी पत्रकं लिहिते, कर्जात अडकलेल्या घरांसाठी. पण पत्रकाला दोन बाजू असतात, आणि दोन्ही बाजू भरल्या तरी आमच्या हॉलमधली ती शांतता त्यात बसत नाही. म्हणून हे प्रकरण.

पप्पांचं गाव खरंच मानपाडा. त्यांच्या आजोबांची भातशेती होती तिथे आता केमिकलच्या कंपन्या आहेत, आणि त्यातल्याच एका कंपनीत पप्पा बॉयलरवर होते. गावातलं घर काकांना सोडून त्यांनी हक्काचा फ्लॅट घेतला, कारण आईला स्वतःचा नळ हवा होता. आई खाडीकाठची, कोळ्याची. तिच्या माहेरून बाळामामा टोपलीभर निवटे घेऊन यायचा, चिखलातले मासे, अजून तडफडणारे, आणि आई किचनच्या त्या नव्या कडप्प्यावर ते राख लावून साफ करायची. पावसाळ्यासाठी सुकट आणि बोंबील डब्यात भरून ठेवायची. वरच्या मजल्यावरचे चेअरमन कुलकर्णीकाका जिन्यात नाकाला रुमाल लावायचे. आई म्हणायची, "घर माजा, वास बी माजाच." घराचं कर्ज देताना फायनान्स कंपनीचा माणूस आमच्याच सोफ्यावर बसून बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन गेलेला. पेढेही त्यानेच आणलेले. तेव्हा तो अस्सल मराठीत बोलायचा, आईला "ताई" म्हणायचा, कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवायचा. पुढे त्याच कंपनीची जी पत्रं आली, ती सगळी इंग्रजीत. घर देताना मराठी आणि घर घेताना इंग्रजी. हा माझा पहिला राग, आणि तो अजून उतरलेला नाही.

बॉयलर बंद झाला. पप्पांच्या केमिकल कंपनीला प्रदूषणाचं टाळं लागलं, मालकाने गुजरातेत दुसरी उभारली, कामगारांना थोडं काही हातात ठेवलं. पप्पांनी कल्याण-शीळ रोडवर शिफ्टने रिक्षा धरली. हप्ते चुकायला लागले, मग राहायलाच लागले. इथे सरळ माणूस काय करील? ऑफिसात जाईल, सांगेल की नोकरी गेली, हप्ता कमी करा, मुदत वाढवा. पप्पा गेले नाहीत. "भीक मागायला जाऊ काय? येल आली की भरंन." आणि कागद न घेण्याची ही अक्कल त्यांना बिल्डिंगनेच शिकवली. आमच्या चार विंगांत निम्म्या घरांवर कर्ज होतं आणि निम्मी घरं आठवड्यातून एकदा तरी गावी जायची. रिक्षा स्टँडवर छातीठोक वकील बसलेले. "सही केलीच नय, तर कागूद आला कवा? कोर्टात काय दाखवनार ते?" हे पप्पा आम्हाला जेवताना समजावून सांगायचे, बोटाने ताटात रेघ ओढून. ते बोलताना इतके शहाणे दिसायचे, की आम्ही तिघी त्यांच्यावर विश्वास ठेवायचो. खोटं कशाला बोलू, त्या ताटाभोवती आम्ही सुखात होतो.

मग पोस्टमनऐवजी वसुलीची पोरं यायला लागली. त्यांना काकूंचं वाक्य पुरेना. एका दुपारी दोघं आले, बेल दाबून धरली. आम्ही नेहमीसारखे आपापल्या जागी थिजलो. पण त्या दिवशी पांडेजी चहाला गेलेले, त्यामुळे वर्दी मिळाली नव्हती आणि कुकर गॅसवरच होता. आई हॉलमध्ये, कुकर किचनमध्ये, मध्ये फरशीवर पसरलेली सुकट. सुकटीवर पाय पडून आवाज होईल म्हणून आई जागची हलेना. कुकर आधी फुरफुरला. मग त्याने अशी शिट्टी मारली की कपाटावरची वाटी थरथरली. बाहेर बेल थांबली. दुसरी शिट्टी. तिसरी. आणि दाराबाहेरून एक पोरगट आवाज आला, अगदी साधा, घरच्यासारखा:

"काकू, गॅस बंद करा. डाळ लागेल."

दुसरा खो खो हसला. "अरे गावी आहेत ना ते. कुकर एकटाच असतो घरी."

आईने पदर तोंडावर धरला. पप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कोणी गॅस बंद केला नाही. डाळ लागली, कुकर आतून काळा झाला, घरभर करपट वास भरला आणि तो वास दाराखालून बाहेर जिन्यात गेला असणार. ती पोरं गेल्यावर पप्पा म्हणाले, "पायजे तितका हसू दे. आपून दार उघडला नय." त्या दिवशी ताईला हसू आलं नाही.

ताईचं तेव्हा खडवलीला जमत आलेलं. मुलाच्या वडिलांचं स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान, सगळे त्यांना दादा म्हणायचे. मुलगा चांगला, ताईला आवडलेला. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि मुलीची हळद तिच्या बापाच्या दारात लागते. दुसऱ्याच्या दारात लागली तर भावकी वर्षानुवर्षं बोलते. पप्पांचं सगळं त्या हळदीवर येऊन थांबलेलं. "पोरीची हलद या दारात लागंल. मग घराचा काय व्हायचा तो होऊ दे." हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं, मोजलेलं नाही.

आणि वाट होती. हे लिहिताना माझे दात आवळले जातात, कारण वाट आमच्या जिन्यातच होती. तीनशे एकमध्ये साळुंके सर राहायचे, शाळामास्तर, घरात माणसं वाढलेली. त्यांना शेजारचा फ्लॅट भिंत पाडून जोडायचा होता. एका संध्याकाळी त्यांनी पप्पांना जिन्यात गाठलं. मी दारात होते.

"बघा, मला कळतं तुमचं काय चाललंय," सर म्हणाले. "राग मानू नका. घर मला द्या. चालू भावाने पैसे देतो. कंपनीचं कर्ज त्यातून परस्पर फेडू, त्यांची संमती मी आणतो. उरेल त्यात टिटवाळ्याला नाहीतर खडवलीला वन रूम किचन सहज होईल तुमचं."

"कोनी सांगितला तुमाला माजा काय चाललाय?"

"अहो, सगळी बिल्डिंग…"

"सगली बिल्डिंग गेली खड्ड्यात. घर विकायला नय काढला. पोरीचा लगीन हाय माज्या, आनि तुमी घर मागता?"

सर खाली मान घालून गेले. मी त्या रात्री पप्पांना म्हटलं, "हळद इथेच होऊ द्यायची अट घाला ना त्यांना, मग विका." ते म्हणाले, "घर इकला ह्यो बोभाटा खडवलीला जायला किती येल लागतो? पोरगी घरात बसंल." आईने विषय बंद केला. तिलाही तेच वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच.

पत्रं परत जातात म्हटल्यावर कंपनीने कागद दारावरच चिकटवला. घरातल्यांनी नाही घेतला, तर दार घेतं. खडवलीची माणसं दुसऱ्या दिवशी घर बघायला यायची होती. मुलीचं घर बघायचा कार्यक्रम, चहा, पोहे, मागून वडे-सागोती. आणि दारावर खळीने लावलेला मोठा पांढरा कागद, कोपऱ्यांसकट घट्ट. मी वाचायला गेले. साठ दिवसांत सगळी रक्कम भरा असं काहीतरी लिहिलेलं, पुढे कलमं. मला बारावीचं इंग्रजी येत होतं, हे ते इंग्रजी नव्हतंच. मी कागद घेऊन, म्हणजे मनात घेऊन, कुलकर्णीकाकांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "हे बघ बाळ, हा तुमचा आणि वित्तसंस्थेचा खाजगी प्रश्न आहे. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र थकलाय, तेवढं वडिलांना सांग."

तो कागद म्हणजे काय होता, ते आज मी झोपेत सांगीन. ते दार बंद करायचं पत्र नव्हतं. त्याला लेखी उत्तर देता येतं, हिशेब चुकीचा वाटला तर हरकत घेता येते, आणि कंपनीला पंधरा दिवसांत कारणासकट उत्तर द्यावं लागतं. हप्ते नव्याने बांधून मागता येतात. एकरकमी तडजोड मागता येते. घर आपणच गिऱ्हाईक आणून विकता येतं. बोलायला साठ दिवस मिळतात. आम्ही ते साठ दिवस गावी घालवले.

आईने कागद ओला करून खरडायचा प्रयत्न केला, तर दाराचं पॉलिश निघायला लागलं आणि कागद फाटून आणखी घाण दिसायला लागला. मग तिने ठाकुर्लीच्या बाजारातून झेंडूची आणि आंब्याच्या पानांची जाड तोरणं आणली. आमच्याकडे तोरण चौकटीला वर बांधतात. तिने दारालाच खिळे मारून एकाखाली एक लावली, पार कडीपर्यंत. दार देव्हाऱ्यासारखं दिसत होतं. पप्पा लांब उभे राहून बघत होते. "जरा खाली घे. तो शिक्का दिसतोय." आईने खाली घेतलं.

खडवलीची माणसं आली. दादा दाराशी चप्पल काढताना जरा जास्त वेळ वाकले. मग आत येऊन म्हणाले, "फुलं झकास लावल्यात." पप्पा हसले, फार मोठ्याने. वड्यांचा घाणा, सागोतीचा मसाला, ताईची बांगड्यांची किणकिण, सगळं जसं असावं तसं. दादांनी आईच्या हातच्या वाटणाचं कौतुक केलं. घर बघताना त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "भिती चांगल्या हायत." सुपारी फुटली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं. त्या रात्री पप्पा इतके मोकळे झोपले की घोरण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

मग साठ दिवस संपले. आणखी एक कागद लागला, घर कंपनीच्या ताब्यात गेल्याचा. अजून आम्ही आतच राहत होतो, ताबा कागदावरचा होता. त्यावरही पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुलीच्या ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. पप्पांनी तो कागद ओला असतानाच सोलून काढला आणि गोळा करून कचऱ्यात टाकला. लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता येतं. साळुंके सरांचे पैसे तेव्हाही चालले असते. हे मी आता लिहितेय. तेव्हा आमच्या दारातून इतके लोक आले-गेले, त्यातल्या एकानेही, कंपनीच्या एकाही पगारी माणसाने, हे मराठीतल्या एका वाक्यात सांगितलं नाही. नंतर मी त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं तर साहेब म्हणाला, "नोटिशीत सगळं नमूद असतं, मॅडम." त्याच्या मागे भिंतीवर पोस्टर होतं, चौघांचं कुटुंब, हातात किल्ली, सगळे हसताहेत. मजकूर मराठीत.

पप्पा सलूनमध्ये दाढीला बसलेले असताना त्यांना ते दिसलं. बाजूच्या गिऱ्हाईकाच्या हातात पेपर, आणि मागच्या पानावर चौकटीत पप्पांचं नाव, बापाच्या नावासकट, बिल्डिंग, विंग, फ्लॅट नंबर, लिलावाची तारीख. मराठीत. लाज लपवायला सहा महिने श्वास रोखून बसलो आणि त्यांनी ती सगळ्या जिल्ह्याला वाटली. पप्पा अर्ध्या दाढीने घरी आले. एका गालावर फेस वाळलेला. "आता लगीन मोडला," एवढंच म्हणाले. ताई आत जाऊन बसली. आईने त्या दिवशी चूल, म्हणजे गॅस, पेटवलाच नाही.

चार दिवसांनी दादा एकटेच आले. पप्पांनी बसा म्हटलं नाही, स्वतःही बसले नाहीत. हात जोडले. "दादा, पोरीचा काय चुकला नय. बोला तुमी, मी ऐकतो."

दादा सोफ्यावर बसले. "बोलू काय? मना त्याच दिशी ठावा होता. चपला काढायला वाकलो, तर तुमचा तोरण जरा आखूड. खाली शिक्का दिसला. माज्या दुकानावर दोन सालापूर्वी ह्योच कागूद लागलेला. मी घेतला, गेलो, साहेबाच्या डोक्यावर बसलो, हप्ते बारीक करून आनले. दुकान हाय अजून."

आईने आतून विचारलं, "मग तवा का नय बोलल्याव?"

दादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरीच्या बापाला त्याच्याच दारात कसा इचारू, बाय? तुमी फुलं लावलेली. म्हटला, यांना वाटतंय मी नय बघावा. तर नय बघितला."

पप्पा खाली बसले. फरशीवरच. त्यांनी विचारलं, "मंजे लगीन?"

"लगीन हायच. पोरीसंगती लगीन हाय, फ्लॅटसंगती थोडीच."

ही खरं तर आनंदाची गोष्ट. ताई आतून रडत हसत बाहेर आली. पण मी पप्पांचा चेहरा बघत होते. इतकं चांगलं वाक्य ऐकून एखादा माणूस इतका मोडलेला मी परत पाहिला नाही. ज्या भीतीपायी घर गेलं, ती भीतीच खोटी निघालेली. दोन भले बाप एकाच दाराच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांची लाज राखत होते, आणि तेवढ्या वेळात कंपनीने घर विकायला काढलं. भले होते, हेच मला खुपतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

वकिलाकडे गेलो, त्याने तारखा बघून उशीर झाल्याचं सांगितलं. लिलाव झाला. कमी बोली लागली, लिलावात लागते तशी. घर साळुंके सरांनी घेतलं. तोच माणूस, तीच भिंत, मध्ये फक्त आमचे पैसे गळून गेले. सर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मी नसतं घेतलं तर परक्या कोणी घेतलं असतं." खरं होतं. मी त्यांच्याशी आजतागायत बोललेली नाही. कर्ज, व्याज आणि खर्च कापून काही थोडं उरलं, ते कर्जदाराचं असतं, तेही मीच मागे लागून काढून घेतलं.

तहसीलचा माणूस आणि पोलीस आले त्या दिवशी दार आम्ही उघडं ठेवलेलं. पहिल्यांदाच. बाळामामाने मासळीचा टेम्पो धुऊन आणला तरी आमच्या गाद्यांना अजून त्याचा वास आहे. आईने काळा पडलेला कुकर सोडला नाही. हळद खाडीकाठी बाळामामाच्या अंगणात लागली. भावकी जेवली, नाचली आणि बोलली. पप्पांनी ताईच्या गालाला हळद लावली आणि मग स्वतःचे हात बघत राहिले. त्यानंतर ते खडवलीला भाड्याच्या खोलीत सात वर्षं जगले आणि दारावर कोणी आलं की उठून स्वतः दार उघडायचे. कोणीही असो. आई म्हणायची, "आता कोन येनाराय?" ते म्हणायचे, "म्हनूनच."

गेल्या महिन्यात कल्याण पूर्वेला एका बिल्डिंगमध्ये पत्रकं वाटत होते. वॉचमनने माझ्या हातातले कागद बघितले आणि वर तोंड करून कोणाला तरी मिस कॉल दिला. आता पद्धत बदललीय. दुसऱ्या मजल्यावर एका दारावर अर्धवट खरडलेला पांढरा कागद, त्यावर गणपतीचं स्टिकर. मी बेल दाबली. आत पंखा बंद झाल्याचं मला बाहेर ऐकू आलं. पाती मंदावतानाची ती घरघर मी कुठेही ओळखीन. समोरच्या बाई बाहेर आल्या. "ते गावी गेलेत." मी म्हटलं, हो, माहितीये मला. आणि जिन्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने आत कुकरने शिट्टी दिली. कोणी हललं नाही. दुसरी झाली. मी दाराला तोंड लावून म्हटलं,

"काकू, गॅस बंद करा. आणि दार उघडा. मी कंपनीची नाही. कागदावरची तारीख मी वाचलीय, अजून दिवस आहेत तुमच्याकडे."

तिसरी शिट्टी झाली. मग करपल्याचा वास यायला लागला. मी बसून राहिले.